चर्चसंगीत, ओवी आणि एक स्टॉपवॉच : विषयातून प्रश्न कसा काढायचा

पेट पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषयच सुचत नाही, अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची अवस्था असणार. माझं म्हणणं असं की विषय ढीगभर असतात, नसतो तो प्रश्न. उदाहरणार्थ, ‘कॅथलिक चर्चसंगीत : इतिहास व परंपरा’. हा झाला विषय. यावर दहा लेख वाचून अकरावा लिहिता येईल, पण आरआरसीपुढे उभं राहिलात की पहिलाच प्रश्न येणार, ‘यात तुम्ही शोधणार काय?’ आज हाच विषय घेऊन त्यातून प्रश्न काढता येतो का ते बघू.

तुम्ही म्हणाल, परभणीत बसून द्रव-मिश्रणांमधला अल्ट्रासोनिक वेग मोजणाऱ्या माणसाला चर्चच्या गाण्याचं काय पडलंय? एक तर तोही शेवटी ध्वनीच. आणि दुसरं म्हणजे आपला जिल्हा १९७७ साली झालेल्या औरंगाबाद कॅथलिक धर्मप्रांतात येतो, आणि इकडे मिस्सा मराठीत होते, हार्मोनियम-तबल्याच्या साथीनं होते. आपल्याला यात नवल वाटत नाही. पण १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीतावर जो आदेश काढला, त्यात पियानोला बंदी होती, ढोल, झांजा वगैरे ‘गोंगाटाच्या’ वाद्यांना बंदी होती, आणि बायकांना गायकवृंदात घ्यायचं नाही असंही होतं. भाषा अर्थातच लॅटिन. त्यानंतर बरोबर साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा जो दस्तऐवज मंजूर केला त्यानं लोकभाषेचं दार उघडलं. त्यातलं सहावं प्रकरण पूर्ण संगीतावर आहे. ११६व्या कलमात ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान कायम ठेवलंय, ११९व्या कलमात म्हटलंय की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान द्यावा, आणि १२०व्यात पाइप ऑर्गनचं कौतुक करून बाकीच्या वाद्यांनाही परवानगी दिलीय. एकाच प्रकरणात तिन्ही गोष्टी. तबला आत आला तो या दारातून.

आता नीट बघा. साठ वर्षांत नियम उलटले, पण भांडण तेच होतं आणि ते फार जुनं आहे: शब्द कळले पाहिजेत, की नाद टिकला पाहिजे? हे सूत्र हातात धरलं तर सगळा इतिहास वेगळा दिसायला लागतो.

सुरुवात ग्रेगोरियन गायनापासून करावी लागते. एकाच ओळीत, साथीशिवाय, तालाच्या चौकटीशिवाय गायलेली लॅटिन प्रार्थना. नाव पोप पहिले ग्रेगरी यांचं, त्यांचा काळ इ.स. ५९० ते ६०४. पवित्र आत्म्यानं कबुतराच्या रूपात येऊन त्यांच्या कानात सुरावटी सांगितल्या अशी कथा आहे. पण स्वरचिन्हं असलेली हस्तलिखितं मिळतात ती नवव्या शतकापासून पुढची. मधली तीनशे वर्षं फक्त तोंडपाठ. म्हणजे नाव एका काळाचं आणि पुरावा दुसऱ्या काळाचा. तुमच्या संदर्भसूचीत असं काही आहे का, एकदा तपासून बघा.

ती सुरुवातीची चिन्हं सुद्धा गंमतशीर होती. सूर वर जातोय की खाली येतोय एवढंच ती सांगायची, किती वर ते नाही. ज्याला चाल आधीच येते त्याच्यासाठी ती आठवणीची खूण. रेषांवर सूर बसवून, न ऐकलेली चाल सुद्धा वाचून गाता येईल अशी सोय इटलीतल्या ग्वीदो दारेझ्झो या भिक्षूनं अकराव्या शतकाच्या पहिल्या अर्धात केली. उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावंही त्याचीच. (आपल्या ‘रे’शी त्याचा ‘रे’ जुळतो म्हणून लगेच उगमाचा सिद्धान्त मांडू नका, एवढी विनंती.)

पुढे नकला होत गेल्या, चाली बदलत गेल्या, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत कुणालाच खात्री राहिली नाही की मूळ काय होतं. तेव्हा फ्रान्समधल्या सोलेम मठातल्या भिक्षूंनी जे केलं ते मला आजही आदर्श काम वाटतं. १८८९ पासून त्यांनी जुन्या हस्तलिखितांचे फोटो छापायला सुरुवात केली. एकच गीत घेतलं आणि त्याच्या दोनशेहून अधिक हस्तलिखित प्रतींचे फोटो एकाशेजारी एक दिले. जो सूर इतक्या ठिकाणी, इतक्या शतकांत सारखा आलाय तो जुना असणार. एका प्रांतातच वेगळा दिसतो तो तिथला बदल. जीवशास्त्रवाले विद्यार्थी हसत असतील, कारण डीएनएच्या साखळ्या शेजारी शेजारी लावून आपण हेच करतो. संगणक नव्हता, पण नमुन्यांची संख्या होती आणि कच्चा डेटा उघड होता. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं न म्हणता ‘हे घ्या फोटो, तुम्हीच बघा’ असं म्हणणं, हे शिकण्यासारखं आहे.

मधे एक नेहमी ऐकू येणारी गोष्ट उरकून घेतो. सोळाव्या शतकात अनेक आवाजांची गुंतागुंतीची गायकी इतकी वाढली की शब्द कळेनात, ट्रेंटच्या परिषदेत ती बंद करायची वेळ आली, आणि पॅलेस्ट्रिना या संगीतकारानं पोप मार्सेलस यांच्या नावाची मिस्सा रचून ती वाचवली, असं सांगतात. शब्द कळावेत ही चर्चा परिषदेत १५६२ च्या सुमारास झाली हे खरं. मिस्सा १५६७ साली छापली गेली हेही खरं. पण ‘तिनं संगीत वाचवलं’ हे छापील लिखाणात दिसतं ते १६०७ साली, अगाझारी नावाच्या संगीतकाराच्या पुस्तकात. चाळीसेक वर्षांनी. दोन खऱ्या तारखांच्या मधे एक सोयीस्कर ‘म्हणून’ घातला की अशी गोष्ट तयार होते.

आता आपल्याकडे येऊ. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लिश जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले आणि पुढची चाळीस वर्षं, म्हणजे १६१९ साली मरेपर्यंत, बहुतेक साष्टीत राहिले. त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर इथं छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा मराठी, अधूनमधून कोकणी शब्द, आणि छंद ओवी! एकूण १०,९६२ ओव्या. पहिलं पुराण बायबलच्या जुन्या कराराचं, दुसरं येशूच्या चरित्राचं. युरोपात ट्रेंटनंतर ‘शब्द कळावेत’ यासाठी सुरांची छाटणी चालली होती, त्याच काळात या माणसानं तो प्रश्न भाषा आणि छंद बदलून सोडवला. लॅटिन मिस्सेला हात लावायची मुभा नव्हती, म्हणून तिच्या बाहेर, लोकांच्या ओळखीच्या पुराणाच्या घाटात.

ओवी म्हटल्यावर परभणीकरांनी कान टवकारायला हवेत. गंगाखेड जनाबाईंचं गाव, आणि दळणकांडणाशी त्यांचं नाव जोडलेलं. पण इथे एक फरक लक्षात ठेवा. जात्यावरची ओवी वेगळी आणि ग्रंथातली ओवी वेगळी. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथातल्या ओवीचे तीन चरण यमकानं बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. क्रिस्तपुराणाची ओवी या दुसऱ्या घराण्यातली. चौथ्या चरणाशी वाचणारा थांबतो, श्वास घेतो, ऐकणाऱ्याला अर्थ पोचायला क्षणभर मिळतो. मला तर वाटतं, शब्द कळावेत म्हणून याहून सोपं यंत्र सापडणं अवघड.

पण छापील क्रिस्तपुराणात स्वरलिपी नाही. दहा हजारांवर ओव्या, आणि चाल शून्य. म्हणजे शब्दांचा पुरावा भक्कम आणि नादाचा पुरावा गायब. त्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला. असा हुकूम वह्या जाळत नसेलही, पण पाठांतराची साखळी तोडायला पुरेसा असतो. याच्या उलट उदाहरण विसाव्या शतकातलं आहे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यातल्या कित्येक ध्वनिमुद्रित झाल्या. तिथे चाल ऐकता येते, बाई कुठे शब्द ओढते ते कळते. माझ्या मते भाषेच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी मजकूर आधी वाचून आणि मग ऐकून बघावा. दोन वेगळे डेटासेट वाटतील.

गोव्यात दुसऱ्या बाजूला स्वरलिपीची परंपरा मात्र जोरात होती. गावच्या चर्चला जोडलेल्या शाळेत ‘मेस्त्री’ मुलांना सुरावट वाचायला आणि व्हायोलिन शिकवायचे. कागदावरचं संगीत वाचता येणारी ही मुलं पुढे मुंबईला आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. अँथनी स्वतः हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले आणि प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात ते नाव आलं ते असं. तो सिनेमाही १९७७ चाच, हा निव्वळ योगायोग. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा हेही गोव्याचेच. लॅटिन मिस्सेसाठी शिकवलेलं स्वरलेखन परभणीच्या टॉकीजपर्यंत पोचलं होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता माझ्या प्रांतातलं. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला सांगण्यात आलं की नव्या व्याख्यानगृहात शब्द कळत नाहीत, काहीतरी करा. त्यानं ऑर्गनची एक नळी, एक स्टॉपवॉच आणि शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या घेतल्या. रात्री, शांततेत, गाद्या वाढवत न्यायच्या आणि नळी थांबल्यावर आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद लागत होते. यातून सूत्र निघालं: निनादकाल = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण. घनफळ घनमीटरमध्ये, शोषण चौरस मीटरमध्ये.

आकडे घालून बघा. दगड-चुन्याचं मोठं चर्च समजा १०,००० घनमीटर, शोषण ४००. उत्तर चार सेकंद. चार सेकंद प्रत्येक अक्षर घुमत राहणार. तिथे भरभर बोललात तर चिखल होतो, पण एका सुरावर संथ म्हटलेली प्रार्थना सुंदर लागते. आता आपल्याकडच्या गावातला प्रार्थनेचा हॉल घ्या: १२ बाय ७ मीटर, उंची ४, म्हणजे ३३६ घनमीटर. रिकामा असताना शोषण २० धरलं तर २.७ सेकंद. त्यात ८० माणसं बसली, माणशी ०.४५ धरा, शोषण झालं ५६, निनादकाल एक सेकंदाच्या खाली. बोलणं स्वच्छ कळेल, पण गाणं कोरडं वाटेल, आणि मग हार्मोनियमचा अखंड सूर ती पोकळी भरून काढतो.

इथेच थांबा. ‘घुमणाऱ्या इमारतीमुळे चांट संथ झाला आणि लहान हॉलमुळे तबला आला’ असं वाक्य आता लिहावंसं वाटेल. लिहू नका. चांट छोट्या चॅपेलातही तसाच गातात, तबला परिषदेच्या परवानगीनं आला, आणि भजनाची सवय गावात आधीपासून होती. इमारत हा एक चल आहे, एकमेव नाही. पण ‘एकच गायकवृंद, एकच मराठी गीत, दोन वेगळ्या निनादकालाच्या जागा, लय आणि शब्दांची स्पष्टता किती बदलते?’ हा मात्र खरा प्रश्न झाला. मोजता येतो, चुकीचा ठरू शकतो, आणि तीन वर्षांत संपतो.

उपकरणं महागडी लागत नाहीत. फुगा फोडायचा, आवाज चांगल्या रेकॉर्डरवर घ्यायचा, ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उतार बघायचा. व्याख्येनं ६० डेसिबल उतार लागतो, पण पार्श्वभूमीच्या आवाजामुळे तेवढा मिळत नाही, म्हणून २० किंवा ३० डेसिबलच्या उतारावरून पुढचा काढतात. प्रत्येक जागी निदान तीन ठिकाणी माइक, प्रत्येक ठिकाणी तीन वाचनं. फादरांची लेखी परवानगी आणि गाणाऱ्यांची संमती आधी घ्या. फुगा प्रार्थनेच्या वेळी फोडायचा नाही हे सांगायला नको. कामाचे दिवस निवडताना पवित्र सप्ताह डोळ्यांपुढे ठेवा. पवित्र गुरुवारच्या मिस्सेतल्या ग्लोरियानंतर ईस्टरच्या जागरणातल्या ग्लोरियापर्यंत घंटा वाजत नाहीत आणि वाद्यं गाण्याला आधार देण्यापुरतीच वाजवायची असा नियम आहे, त्यामुळे तेच गायक जवळजवळ नुसत्या आवाजात ऐकायला मिळतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे कधीही येतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाच्या झळा, सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि सबाइननं शोषणाचं एकक म्हणून घेतलं होतं ते उघड्या खिडकीचंच क्षेत्रफळ. तेव्हा किती खिडक्या उघड्या होत्या ते वहीत लिहायला विसरू नका.