वांगे देठाशी, कोंबडी सांध्याशी : एकाच भांड्यातील भाजलेले जेवण

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली आणि शेतात नुसत्या पऱ्हाट्या उरल्या, की जळगाव-धुळ्याकडे भरताच्या पार्ट्यांना ऊत येतो. फिकट हिरवी, मोठाली वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून ठेचायची आणि मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून केलेले भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर खायचे, हा खानदेशाचा हिवाळी कुळाचार. जळगावच्या या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण वांगी भाजायला बसलेल्या सराईत माणसाकडे नीट पाहावे. साल काळीठिक्कर पडली म्हणून तो वांगे उतरवीत नाही. तो ते देठाजवळ दाबून पाहतो. देठाशी वांगे मऊ लागले तरच ते भाजले. नाहीतर वरून कोळसा आणि आतून कच्चे.

भाजण्याच्या साऱ्या स्वयंपाकाचे मर्म या एका कृतीत आहे. एकाच भांड्यात कोंबडी आणि बटाटे एकत्र भाजून रात्रीचे पूर्ण जेवण उरकण्याची पद्धत आता आपल्याकडच्या शहरी स्वयंपाकघरांतही रुळू लागली आहे. ती सोपी आहे, यात शंका नाही. परंतु सोपी आहे म्हणून निष्काळजीपणे करण्याजोगी मात्र नाही.

रस्सा आणि भाजणे यांतील फरक

खानदेशी घरात कोंबडी म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा. कांदा आणि खोबरे जाळावर चांगले काळपट भाजून वाटलेला तो मसाला, वर तरंगणारे तेल आणि खाली रटरटणारी कोंबडी. या रश्शाचा एक गुण सहसा लक्षात येत नाही. रस्सा उकळत असतो तोवर त्याचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि त्यात पूर्ण बुडालेला तुकडा अर्धा-पाऊण तास शिजला की कच्चा राहण्याची भीती उरत नाही. उकळी हीच तेथे पहारेकरी असते.

कोरडे भाजताना हा पहारेकरी नसतो. उष्णता बाहेरून आत हळूहळू सरकते. वरचा भाग दीड-दोनशे अंशांच्या हवेत तांबूस होत असतो, त्याच वेळी हाडालगतचे मांस पन्नास अंशांवरही असू शकते. रंग खुलला, वास सुटला, म्हणजे कोंबडी झाली, असा समज करून घेणे येथे धोक्याचे ठरते.

या प्रश्नाचे गांभीर्य खानदेशाने एकदा फार जवळून पाहिले आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळल्याचे जाहीर झाले. देशातील ती पहिलीच नोंद होती. १९९८ पर्यंत नवापूर धुळे जिल्ह्यातच होते, त्यामुळे ही बातमी धुळेकरांना परकी नव्हती. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांतही हा रोग आढळला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, पोल्ट्रीवर जगणारी कुटुंबे अडचणीत आली आणि अनेक घरांतून कोंबडी काही काळ हद्दपार झाली. त्या दिवसांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जात होती : मांसाच्या सर्व भागांचे तापमान सत्तर अंशांपर्यंत गेले की हा विषाणू टिकत नाही. २०२१ मध्ये नवापुरात हा रोग पुन्हा आढळला, तेव्हाही हाच सल्ला द्यावा लागला.

साथ नसली तरी सल्ला जुना होत नाही. साल्मोनेलासारखे जीवाणू कच्च्या कोंबडीत एरवीही असू शकतात. त्यांच्या बंदोबस्तासाठी मांसाच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश तापमान गाठले जावे, असा निकष सर्वसाधारणपणे पाळला जातो. यातील महत्त्वाचे शब्द ‘सर्वांत जाड भागात’ हे आहेत. वांग्याचा देठ, तसा कोंबडीचा सांधा.

बटाट्याचा हट्ट

कोंबडी आणि बटाटा एका भांड्यात घालताना दोघांचे स्वभाव जुळवून घ्यावे लागतात. कोंबडी पंचाहत्तर अंशांना शिजते, पण बटाट्याच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन पंचाऐंशी अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नीट सैल होत नाही. म्हणून बटाट्याच्या फोडी लहान हव्यात, साधारण सव्वा इंचाच्या, आणि सगळ्या सारख्या आकाराच्या. अर्ध्या बटाट्याच्या फोडी घातल्या तर कोंबडी कोरडी पडेतो त्या कडकच राहतात.

दुसरी गोष्ट आंबटाची. कोंबडीला दही किंवा लिंबू चोळून ठेवण्याची आपली सवय आहे. परंतु आंबटपणाने पेक्टिन अधिक घट्ट होते आणि बटाटा शिजायला नकार देतो. आमटीत चिंच आधी घातली तर भाज्या लवकर शिजत नाहीत, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच, कारण तेच. तेव्हा या पदार्थात दही नको, आणि लिंबू अगदी शेवटी.

तिसरी गोष्ट कोरडेपणाची. तुकड्यावर पाणी आहे तोवर त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि भाजल्याचा तो खमंग तांबूस रंग सुमारे १४० अंशांच्या पुढेच धरतो. ओली कोंबडी आणि ओले बटाटे भांड्यात घातले तर ते भाजले न जाता वाफवले जातात. म्हणून दोन्ही पुसून कोरडे करणे ही क्षुल्लक वाटणारी पायरी खरे तर निम्मी पाककृती आहे.

साहित्य (चार जणांसाठी)

मांडीसह कोंबडीचे चार मोठे लेग पीस (साधारण एक किलो), अर्धा किलो बटाटे, दोन मोठे कांदे, लसणाचा एक गड्डा, तीन-चार हिरव्या मिरच्या, तीन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल, दीड लहान चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, एक चमचा लाल तिखट, दोन चमचे घरचा काळा मसाला, एक लिंबू, मूठभर कोथिंबीर.

छातीच्या मांसाऐवजी मांडीचा आग्रह का, असे कोणी विचारील. छातीचे मांस ठरावीक तापमानापुढे झपाट्याने कोरडे होते. मांडीत संयोजक ऊती अधिक असतात. त्या मंद उष्णतेने विरघळतात आणि मांस मऊ, रसदार राहते. बटाटे शिजण्याची वाट पाहण्याइतकी सहनशीलता मांडीत असते. दुकानदाराकडून कातडीसह तुकडे मिळाले तर उत्तम. कातडीतील चरबी वितळून बटाट्यांत उतरते. कातडी नसेल तर तेल एक चमचा वाढवावे. गावरान कोंबडी मात्र या कामाची नाही. तिचे मांस निबर असते, तिला रस्साच मानवतो.

कृती

कोंबडी नळाखाली धुण्याचा मोह आवरावा. धुण्याने जंतू मरत नाहीत. तुषारांबरोबर ते ओट्यावर आणि शेजारच्या भाजीवर मात्र पोहोचतात. मन राजी होत नसेल तर पसरट भांड्यात हलक्या हाताने धुवावी, आणि नंतर ते भांडे, सुरी, पाट व हात साबणाने स्वच्छ करावेत. मग स्वच्छ कापडाने किंवा कागदाने तुकडे टिपून घ्यावेत. सर्वांत जाड भागावर हाडापर्यंत जाणारे दोन-दोन छेद द्यावेत. वांग्याला भाजण्यापूर्वी टोचे मारतो, तसेच हे. मीठ आणि हळद चोळून निदान तासभर, जमल्यास आदल्या रात्रीपासून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवावी. मीठ आत मुरले की मांस रस धरून ठेवते.

बटाटे सोलून, फोडी करून पाण्यात खळबळून घ्यावेत आणि पुसून कोरडे करावेत. कांद्याच्या जाड पाकळ्या कराव्यात. लसणाच्या पाकळ्या न सोलता घ्याव्यात. सोललेला लसूण करपून कडू होतो. सालीतला मात्र लोण्यासारखा मऊ होतो.

ओव्हन असेल तर तो आधी २०० अंशांवर तापवून घ्यावा. पसरट ट्रेमध्ये बटाटे, कांदा, लसूण, मिरच्या, थोडे मीठ आणि दोन चमचे तेल एकत्र कालवून एकेरी थर पसरावा. गर्दी केली तर वाफ कोंडते. कोंबडीला उरलेले तेल लावून तुकडे बटाट्यांवर ठेवावेत. तीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढावा. तोवर तळाशी रस आणि तेल जमलेले असते. त्यातच काळा मसाला व तिखट कालवावे, कोंबडीवर लावावे, बटाटे उलटावेत आणि ट्रे आणखी पंधरा ते वीस मिनिटे आत ठेवावा.

काळा मसाला आरंभीच का घालू नये, याचे उत्तर त्याच्या नावातच आहे. तो आधीच काळा होईपर्यंत भाजलेला असतो. पाऊण तास कोरड्या उष्णतेत राहिला तर तो करपतो आणि सगळे जेवण कडू करतो. रश्शात पाणी त्याला वाचवते. येथे ते नाही.

ओव्हन नसेल तर

अडण्याचे कारण नाही. खापरावर मांडे करणाऱ्या आणि गोवऱ्यांच्या आरावर बट्टी भाजणाऱ्या मुलखाला ओव्हनचे अप्रूप ते काय? जाड बुडाची पसरट कढई किंवा पातेले घ्यावे. तेल तापवून कोंबडीचे तुकडे मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटे तांबूस करावेत व ताटलीत काढून ठेवावेत. त्याच तेलात बटाटे पाच मिनिटे परतावेत, कांदा, लसूण, मिरच्या घालाव्यात आणि वर कोंबडी परत रचावी. ताटलीत उतरलेला रसही त्यातच ओतावा. पातेल्याखाली जुना तवा सरकवावा, म्हणजे बूड करपत नाही.

आता रावेर-यावलच्या केळीबागांचा उपयोग करावा. केळीचे पान आचेवर किंचित शेकून पातेल्याच्या तोंडावर पसरावे आणि त्यावर घट्ट झाकण ठेवावे. पानामुळे वाफ बाहेर पडत नाही आणि सुगंध येतो तो वेगळाच. मंद आचेवर पस्तीस मिनिटे ठेवावे. पाणी घालू नये. कांदा आणि कोंबडी यांचा रस पुरेसा होतो. तळ लागतो आहे असे वाटल्यास दोन चमचे गरम पाणी शिंपडावे. शेवटी झाकण व पान काढून, मसाला आणि तिखट लावून, आच वाढवून पाच-सात मिनिटे ओलावा आटवावा. कुकरची शिट्टी लावून हे काम होत नाही. तेथे वाफ होते, भाजणे होत नाही. नुसत्या मायक्रोवेव्हचेही तेच.

झाले, हे कसे ओळखावे?

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे स्वयंपाकाचा थर्मामीटर. त्याचे टोक सर्वांत मोठ्या तुकड्याच्या जाड भागात, हाडाला न लावता खुपसावे. ७४ अंश दिसले की कोंबडी सुरक्षित झाली. मांडीचे मांस ८० अंशांच्या पुढे गेले तर अधिकच मऊ होते, त्यामुळे घाई नको.

थर्मामीटर नसेल तर सुरीचे टोक सांध्यापाशी घालावे. मांस हाडापासून सहज सुटले, कोठेही चकचकीत, जेलीसारखे दिसले नाही, रस स्वच्छ आला आणि तंगडी सांध्यात सैल फिरली, तर कोंबडी झाली. केवळ लालसर रंगावर विसंबू नये. कोवळ्या ब्रॉयलर कोंबडीच्या हाडांतील मगजामुळे हाडालगतचे मांस नीट शिजल्यावरही तांबडट दिसू शकते. उलट वरून गडद झालेला तुकडा आत कच्चा असू शकतो. शंका आली तर दहा मिनिटे आणखी. बटाट्यात सुरी विनासायास गेली पाहिजे.

भांडे खाली उतरवून पाच-सात मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे रस मांसात पुन्हा स्थिरावतो. मग लिंबू पिळावे, कोथिंबीर भुरभुरावी. पहिल्या अर्ध्या तासात भांड्याकडे फारसे पाहावे लागत नाही. तेवढ्यात दादरच्या चार भाकरी सहज होतात. तळाचा मसालेदार रस भाकरीच्या पापुद्र्यावर घेतला, की रश्शाची आठवण काढणारेही गप्प होतात.

उरलेले अन्न मात्र ओट्यावर राहू देऊ नये. एरवी दोन तासांत, आणि उन्हाळ्यात तासाभरातच ते फ्रिजमध्ये जावे. पुन्हा वाढताना वाफा येईतो गरम करावे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो, आणि जीवाणूंना ही हवा फार मानवते.

तोच पारा या पाककृतीची दुसरी बाजूही सांगतो. अशा उन्हाळ्यात रविवारी सगळे घर पंख्याखाली बसलेले असताना, एक जण वाटण, फोडणी, रस्सा, भात आणि भाकऱ्या यांच्यामागे तीन तास शेगडीपुढे उभी असते. एका भांड्याच्या या जेवणात पंधरा-वीस मिनिटांची तयारी आणि शेवटची तपासणी, एवढेच काम माणसाचे. बाकीचे आच करते. घासायला भांडेही एकच. ते काम घरातल्या कोणीही उचलावे. आणि पहिल्यांदा करणाऱ्याने इतर सारे विसरले तरी चालेल, सांध्याशी सुरी घालून पाहणे तेवढे विसरू नये.