पिकअपला झेपेल तेवढाच ट्रेलर

आजचा विषय अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात घोळणारा आहे. मुलं जरा मोठी झाली, एकदोन राष्ट्रीय उद्यानं तंबूत राहून पाहून झाली, की एक स्वप्न पडू लागतं. मागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, आणि ते ओढायला दारातला पिकअप. मग माणूस कंपनीचं माहितीपत्रक उघडतो. तिथे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'ओढण्याची क्षमता ११,००० पौंड'. ट्रेलरचं वजन दिसतं ६,००० पौंड. म्हणजे निम्म्याच्या आसपास. विषय संपला, असं वाटतं. प्रत्यक्षात विषय इथे सुरू होतो.

हा ११,०००चा आकडा खोटा नाही. तो कसा काढतात ते आधी समजून घेऊ. एसएई ही अभियंत्यांची संस्था आहे, तिची जे-२८०७ नावाची चाचणी आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा सांगायची. टोयोटाने २०११च्या टुंड्रापासून ही चाचणी स्वीकारली आणि बाकीच्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत मागोमाग आल्या. चाचणी कडक आहे. अ‍ॅरिझोनात बुलहेड सिटीजवळ डेव्हिस डॅमचा चढ आहे, ११.४ मैलांचा. बाहेर १०० अंश फॅरनहाइट, आत एसी पूर्ण चालू, आणि ट्रेलर ओढत नेहमीच्या पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. पण या हिशेबात ट्रकमध्ये माणसं किती धरतात? दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. मागची सीट रिकामी. ट्रकच्या हौद्यात कूलर नाही, जनरेटर नाही, सायकली नाहीत. आपण असं कधी सहलीला जातो का?

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ट्रकची खरी मर्यादा ओढण्याच्या आकड्याने ठरत नाही, ती अंगावर पेलायच्या वजनाने ठरते. ट्रक ओढतो मागचं आणि पेलतो अंगावरचं. आणि साध्या, कुटुंबाच्या पिकअपमध्ये पेलायची मर्यादा बहुतेक वेळा आधी संपते.

आता तुम्ही म्हणाल, ट्रेलर तर स्वतःच्या चाकांवर असतो, तो ट्रकच्या अंगावर कुठे आला? हे समजायला आपली बैलगाडी आठवा. दोन चाकं, मध्ये आस, पुढे जू. गाडीत माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल फार पुढे भरला तर गाडी धुरजड होते, सगळा भार मानेवर येतो. शहाणा गाडीवान माल असा रचतो, की मानेवर थोडा भार राहील, पण जास्त नाही. ट्रेलरचं अगदी तेच आहे. त्याचा पुढचा दांडा ट्रकच्या हिचवर जो भार टाकतो, त्याला टंग वेट म्हणतात. तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असायला लागतो. हिशेबाला १३ टक्के धरा.

तो कमी का चालत नाही? कारण उलाळ ट्रेलर महामार्गावर शेपटी हलवायला लागतो. बाजूने मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, की डावीकडे-उजवीकडे झोके सुरू होतात आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होऊ शकतो. शेवटी ट्रेलर ट्रकलाच फिरवतो. म्हणजे टंग वेट कमी करून पेलोड वाचवायचा, हा मार्ग बंद आहे.

पेलोड, म्हणजे अंगावर किती पेलेल, हे कुठे कळतं? ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी पट्टी असते, टायरच्या हवेचा दाब सांगणारी. तिच्यावर लिहिलेलं असतं, की माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. हा आकडा तुमच्या त्या विशिष्ट गाडीचा असतो. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकमध्ये तो वेगळा असतो, कारण सनरूफ, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा, मोठी केबिन, या सगळ्याचं वजन त्यातून आधीच वजा झालेलं असतं. नंतर तुम्ही हौद्यावर झाकण बसवलंत, तर तेही त्यातूनच जातं.

आता हिशेब करू. समजा पट्टीवर १,५५० पौंड आहेत. 'हाफ-टन' म्हणतात त्या वर्गातल्या पिकअपला हे नेहमीचं आहे. ट्रेलर रिकामा ६,००० पौंडांचा आणि त्याची कमाल मर्यादा ७,६०० पौंडांची. हिशेबाला रिकामं वजन कधीच घेऊ नका. पाणी गॅलनला ८.३४ पौंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी ३३० पौंडांच्या वर गेली. शिवाय भांडी, कपडे, किराणा, खुर्च्या. गॅसच्या टाक्या आणि बॅटरी तर दांड्यावरच बसतात आणि माहितीपत्रकातल्या आकड्यात बऱ्याचदा धरलेल्या नसतात. म्हणून कमाल मर्यादाच धरा.

७,६००चे १३ टक्के म्हणजे साधारण ९९० पौंड. आई, बाबा आणि दोन मुलं मिळून ५२०. वजन वाटून देणारी हिच सुमारे १००. हौद्यातलं सामान १५०. बेरीज १,७६०. पट्टी सांगते १,५५०. आपण २१० पौंडांनी वर गेलो, आणि ओढण्याच्या ११,०००च्या आकड्याला अजून धक्काही लागलेला नाही!

हाच हिशेब उलटा करा, म्हणजे खरेदीचा आकडा मिळतो. १,५५० मधून माणसं, हिच आणि सामान यांचे ७७० वजा केले. उरले ७८०. त्याला ०.१३ ने भागा. ६,००० पौंड. म्हणजे या कुटुंबाने, या ट्रकमागे, भरून ६,००० पौंडांपर्यंतचाच ट्रेलर घ्यावा. ट्रेलर बघायला जाण्याआधी हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा.

भार जास्त झाला तर नेमकं काय होतं? हिच मागच्या आसाच्याही मागे असते, म्हणून ती सी-सॉसारखी वागते. पुढच्या आणि मागच्या आसांत १२ फूट अंतर धरा, आणि हिच मागच्या आसामागे ४ फूट. ९९० पौंड तिथे टेकले, की मागच्या आसावर १,३२० येतात आणि पुढच्यावरचे ३३० उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली म्हणजे वळवणं आणि ब्रेक लावणं, दोन्ही कच्चं झालं. वजन वाटणारी हिच यातला काही भार पुढच्या चाकांवर परत आणते, काही ट्रेलरच्या चाकांवर टाकते. पण तिने ट्रकची मर्यादा वाढत नाही. हिचची स्वतःची मर्यादाही तिच्यावर लिहिलेली असते, तीही वाचा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे आठ फूट रुंद भिंत. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ५५ वरून ६५ मैलांवर गेलात की तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. तिसरी गोष्ट घाटाची. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के घटते, म्हणजे तिथे तिसरा हिस्सा गेला. आणि चढण्यापेक्षा उतरणं अवघड. खालचा गिअर आधीच टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, ते तापून निकामी होतात. ट्रेलरचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक आणि ते चालवणारा कंट्रोलर ट्रकमध्ये हवाच.

झोके सुरू झालेच तर? अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा. ट्रकचा ब्रेक दाबू नका, वेग वाढवू नका. आणि थांबल्यावर सामान नव्याने रचा.

शेवटी काट्यावर जा. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात. ते पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी देतात. पूर्ण भरलेल्या गाडीने, सगळी माणसं बसवून, वजन वाटणाऱ्या सळ्या सोडून एकदा जा. मग ट्रेलर सोडून, तीच माणसं आणि तेच सामान घेऊन ट्रक एकटा न्या. ट्रकच्या दोन वजनांतला फरक म्हणजे तुमचं खरं टंग वेट. सळ्या लावून तिसऱ्यांदा वजन केलंत, तर मागच्या आसावर प्रवासात किती भार राहणार आहे तेही कळेल. त्याची मर्यादा दाराच्या चौकटीवरच लिहिलेली असते.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग सरळ मोठा, डिझेल ट्रक घेतला तर?)

घ्या, पण पट्टी वाचून. डिझेल इंजिन जड असतं, ते वजन पेलोडमधूनच जातं. एकाच वर्गात पेट्रोलच्या ट्रकचा पेलोड जास्त निघतो, असं पुष्कळदा होतं.

(प्रश्न: विक्रेता म्हणतो, सहज ओढेल. आणि आमचा ट्रेलर घेऊन झालाय. आता काय?)

ओढेल, हे तो खरंच सांगतोय. त्याला विचारायचं, पेलेल का, थांबवेल का? घेऊन झाला असेल तर काट्यावर जा आणि वजन हलवा. हौद्यातले १५० पौंड तिथे पूर्ण १५० मोजले जातात. तेच ट्रेलरच्या चाकांच्या आसपास ठेवलेत, तर ट्रकवर त्यातले जेमतेम २० येतात, फक्त ट्रेलरची कमाल मर्यादा ओलांडू नका. टाकीत पाणी मुक्कामावर पोचल्यावर भरा. टाकी कुठे आहे तेही बघा, कारण ती चाकांच्या मागे असेल तर भरल्यावर गाडी उलाळ होते. आणि एवढं करूनही काट्यावरचा आकडा पट्टीपेक्षा मोठाच येत असेल, तर ट्रेलर किंवा ट्रक, दोन्हींपैकी एक बदलावा लागेल. मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात, तेव्हा तिथे तडजोड नको.