दवाखान्याचे बिल आणि हातमोज्यांचा हिशेब



ऊस विकास खात्याने दवाखान्याच्या बिलावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु गट कार्यालयात उचलीचे जे अर्ज येतात, त्यावरची कारणे आम्हीच वाचतो. लग्न, विहीर, आणि तिसरे कारण दवाखाना. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने सांभाळायचा आणि त्याचे पैसे आठ दिवसांत दवाखान्यात भरायचे, ही गोष्ट आता घरोघरची झाली आहे. म्हणून हा विषय शेतीच्या हिशेबाचाच आहे.

डॉक्टरांची फी, खोलीभाडे, औषधे हे आपण समजून आहोत. पण अलीकडे बिलाच्या खाली आणखी ओळी दिसतात : हातमोजे, सॅनिटायझेशन, निर्जंतुकीकरण, किट, कन्झ्युमेबल्स. दाताच्या दवाखान्यातही हेच. दाढ काढून आलेल्या एका सभासदांना आम्ही विचारले, की निर्जंतुकीकरणाचे वेगळे पैसे कशाचे, हे विचारले नाही का? ते म्हणाले, "साहेब, तोंड उघडं ठेवून विचारायचं कसं?"

ही रीत करोनाच्या काळात फार वाढली. 21 मे 2020 रोजी राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांचे दर बांधून दिले. साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला 4000 रुपये, अतिदक्षता विभागाला 7500 आणि व्हेंटिलेटरसह 9000. मात्र पीपीई किटचा खर्च या दरांबाहेर ठेवला गेला. बांध घातला, पण एक मोरी उघडी राहिली, आणि पाणी तिथूनच वाहिले. साथ ओसरली तरी काही ठिकाणी बिलातील ती ओळ गेलेली नाही.

स्वच्छता नको, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. दाताची हत्यारे 121 अंश सेल्सिअसला, 15 पौंड दाबाच्या वाफेत निर्जंतुक करावी लागतात. नुसत्या उकळत्या पाण्याने सगळे जंतू मरत नाहीत. त्याला यंत्र लागते, वीज लागते, माणूस लागतो. बेणेप्रक्रिया केल्याशिवाय कांडी लावू नका, असे आम्ही तुम्हाला दरवर्षी सांगतो, ते याच कारणासाठी. पण प्रक्रिया केलेले बेणे विकणारा दर ठरवतानाच तो खर्च धरतो, कांडी बुडवली त्या पाण्याचे वेगळे पैसे मागत नाही. प्रश्न खर्चाचा नाही, तो कुठे आणि किती धरला याचा आहे.

किती, याचे एक उदाहरण देशभर गाजले. सन 2017 मध्ये दिल्लीजवळच्या एका रुग्णालयात डेंग्यूने सात वर्षांची मुलगी दगावली. सुमारे पंधरा दिवसांचे बिल जवळजवळ 16 लाख रुपये झाले, आणि त्यात सुमारे 2700 हातमोजे व 660 सिरिंज लावलेल्या होत्या. त्यानंतर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली. फेब्रुवारी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत काही वस्तूंवरचा नफा 1737 टक्क्यांपर्यंत आढळला. वेष्टनावर छापील किंमत भरमसाट असते, रुग्णालय ठोक भावाने स्वस्तात घेते आणि आपल्याकडून छापील किंमत घेते.

कुठे धरावा, याचे उत्तर वैद्यकीय विमा पॉलिसीच्या मागे जोडलेल्या यादीत सापडते. त्या यादीप्रमाणे टोपी, गाऊन, हात धुण्याचे द्रव्य खोलीभाड्यातच धरायचे. कापूस, गॉज, शस्त्रक्रियेची पाती त्या त्या क्रियेच्या खर्चात. स्पिरिट व जंतुनाशके उपचाराच्या खर्चात. हातमोजे आणि तपशील न दिलेले 'किट' यांचे पैसे मात्र विमा कंपनी सहसा देत नाही. ते आपल्याच खिशातून जातात.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे :

1) तातडीचा प्रसंग नसेल तर आधीच विचारावे, "सांगितलेल्या रकमेत सगळं आलं का, की वर आणखी काही लागेल?"

2) एकूण आकडा मान्य करू नये, तपशीलवार बिल मागावे. तो रुग्णाचा हक्क आहे. 'इतर' किंवा 'किट' एवढेच लिहिले असेल तर आत काय काय आहे ते लिहून घ्यावे.

3) राज्याच्या 2021 च्या नियमांप्रमाणे रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद व 15 सेवांचे दरपत्रक दर्शनी भागी लावायचे आहे. ते वाचावे.

4) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार रोकडरहित मिळतात. औषधे व किरकोळ साहित्य त्या पॅकेजमध्येच असते, वेगळे पैसे द्यायचे नाहीत. मागितल्यास रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे किंवा 155388 या क्रमांकावर फोन करावा.

डॉक्टरांशी हुज्जत घालावी असा याचा अर्थ नाही. चांगले डॉक्टर विचारल्यावर नीट सांगतात, असाही आमचा अनुभव आहे. पण उसाच्या बिलात दहा रुपयांची कपात दिसली तर आपण शेतकी ऑफिसात येऊन जाब विचारता, आणि ते योग्यच करता. तोच चोखपणा दवाखान्याच्या खिडकीशीही दाखवावा. ज्यांना बिल वाचता येत नसेल त्यांनी घरातील शिकलेल्या मुला-मुलीला सोबत न्यावे, आणि पैसे भरण्यापूर्वी न्यावे.

— ऊस विकास अधिकारी