स्नॅप स्कोअर : आकडा काय सांगतो?

सुरतच्या लिंबायत-उधना भागांत खानदेशातून आलेली बरीच मराठी कुटुंबे राहतात. समजा, अशा घरातील १७ वर्षांच्या मुलीच्या स्नॅपचॅट खात्यावर ५०,००० हा ‘स्नॅप स्कोअर’ दिसला आणि वडील तिचे कॉलेजच बंद करावयास निघाले, तर शिक्षकाने त्यांना काय सांगावे?

हा आकडा तासांचा नव्हे. पाठविलेले व आलेले स्नॅप, टाकलेल्या स्टोरी आणि इतर काही बाबी मिळून तो बनतो. नेमके सूत्र कंपनी जाहीर करीत नाही. खाते उघडल्यापासून तो साचत जातो. खाते चार वर्षांचे असेल, तर ५०,००० म्हणजे दिवसाला सरासरी ३४. शिवाय ‘स्ट्रीक’ टिकविण्यासाठी दोघांनी दर २४ तासांत एकमेकांना स्नॅप धाडावा लागतो. त्यासाठी भिंतीचा फोटोही चालतो. (पुष्कळ मुले तेवढेच करतात.)

कोणाशी आणि काय, हे त्यातून कळत नाही. महिन्याच्या अंतराने दोनदा आकडा टिपला, तर त्या काळात साधारण किती देवघेव झाली, एवढाच अंदाज येतो. वेळेचा हिशेब हवा असल्यास फोनच्या सेटिंगमधील वापराची नोंद पाहावी, तीही मुलीला शेजारी बसवून.