आधी तेल, मग पाटी

कतारमधल्या दुखानच्या विहिरींतलं तेल पहिल्यांदा जहाजात भरून परदेशी गेलं ते ३१ डिसेंबर १९४९ रोजी. मुलग्यांसाठी पहिली रीतसर शाळा कतारमध्ये निघाली १९५२ साली आणि मुलींसाठी १९५५ साली. आधी पैसा, मग मुलगे, मग मुली. हा क्रम काही एकट्या कतारचा नाही. पण तिथे पैशाचा ओघ इतका मोठा आणि मूळ रहिवाशांची संख्या इतकी लहान, की अभ्यासकांना एरवी गुंत्यातून सोडवावा लागणारा एक प्रश्न आपोआप सुटा होऊन समोर येतो. बाळ जगतं आणि अंग धरतं ते घरच्या पैशामुळे, की आईच्या शिक्षणामुळे?

तेलाआधीचा कतार आपल्याला वाटतो तितका परका नाही. तिथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि १९६६ पर्यंत तिथलं चलन रुपयाच होतं. शेवटची काही वर्षं तर रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. जपानचे संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी मिळून मोत्यांचा धंदा बुडवला. त्यानंतरची वर्षं तिथे भुकेची वर्षं म्हणूनच ओळखली जातात.

बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून. नंतरचे चाळीस दिवस आईने विसावा घ्यायचा, हे आपल्या सव्वा महिन्यासारखंच. त्या दिवसांत तिला ‘हस्सो’ नावाचा गोड, गरम पदार्थ देतात. त्यात घातलेल्या बियांना अरबीत ‘रशाद’ म्हणतात, म्हणजे आपले अळीव! दोह्यातल्या सासूचा आणि सांगलीतल्या सासूचा बाळंतिणीच्या खाण्याबद्दल फारसा मतभेद झाला नसता. पण याच किनाऱ्यावर काही भागांत बाळंतिणीच्या योनीमार्गात खडेमीठ भरण्याची चाल होती. जखम भरावी म्हणून केलेल्या या उपायाने व्रण आवळत आणि पुढचं बाळंतपण अडत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आखातात आलेल्या मिशनरी डॉक्टरांनी हे वारंवार नोंदवलं आहे. सगळी परंपरा मोडीत काढावी असं काही नव्हतं, सगळी जपावी असंही नव्हतं. अळीव ठेवायचे आणि मीठ सोडून द्यायचं हे ठरवणार कोण? घरातली थोरली बाई. धाकटीला विचारायची पद्धत नव्हती.

अशा काळात आमना महमूद अल-जैदा आपल्या घरात मुलींना शिकवत होत्या. कतारच्या पहिल्या स्त्री शिक्षिका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं आणि मुलींच्या पहिल्या सरकारी शाळेचं मूळही त्यांच्याच घरच्या वर्गात आहे. पुण्याच्या भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८ ची, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं आधीची. (ती आघाडी आपण कशी वापरली, ते पुढे येईलच.) कतारमध्ये मात्र दार एकदा उघडल्यावर मुली थांबल्या नाहीत. १९७३ साली शिक्षण महाविद्यालय निघालं तेव्हा पहिल्या तुकडीत ५७ मुलगे होते आणि ९३ मुली. याच महाविद्यालयातून १९७७ साली कतार विद्यापीठ उभं राहिलं. तिथे आज मुलींची संख्या मुलांच्या दुपटीहून अधिक आहे.

याच सुमारास जॉन काल्डवेल हे ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ नायजेरियातल्या इबादान शहराची आकडेवारी तपासत होते. त्यांचा निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला आणि तिथून हा विषय खऱ्या अर्थाने वादात आला. बापाचा धंदा, राहण्याचं ठिकाण हे सगळं हिशेबात धरूनही आईची शाळा मूल वाचण्याशी जोडलेली उरतच होती. काल्डवेल यांनी दिलेलं कारण मला आजही सर्वांत पटण्यासारखं वाटतं. शाळेत गेलेल्या बाईला जंतुशास्त्र येतं असं नाही. घरातल्या सत्तेचा तोल मात्र थोडा तिच्याकडे झुकतो. मूल तापलं तर सासूच्या होकाराची वाट न पाहता ती दवाखान्याची वाट धरते. डॉक्टरने कसंबसं उत्तर दिलं तर पुन्हा विचारते. ताटात कोणाला आधी आणि किती वाढायचं, यातही तिचा शब्द चालू लागतो.

१९८६ मध्ये काल्डवेल यांनी विकसनशील देशांची दुहेरी क्रमवारी लावली, एक उत्पन्नाची आणि एक बालमृत्यूची. केरळ, श्रीलंका आणि कोस्टारिका उत्पन्नाच्या मानाने फार पुढे निघाले. उत्पन्नाच्या मानाने फार मागे पडलेल्यांत ओमान, सौदी अरेबिया, लीबिया हे तेलाचे देश होते. दवाखाने बांधण्याइतका पैसा होता, पण एका पिढीपूर्वी मुली शाळेत नव्हत्या, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. ही मांडणी सरसकट होती आणि तिच्यातला मुस्लिम समाजांबद्दलचा सूर काहींना खटकला. तो खटकावा असाच होता, कारण पुढच्या पंचवीस वर्षांत आखातानेच तिला उत्तर दिलं. २०१० च्या मानव विकास अहवालात १९७० पासून सर्वाधिक प्रगती केलेला देश ठरला तो ओमान. कतारमध्ये आज हजार जन्मांमागे पाच वर्षांखालील बालमृत्यू पाच-सहाच्या घरात आहेत. भारतात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ४२ होता, महाराष्ट्रात २८.

मग काल्डवेल चुकले का? मला तसं वाटत नाही. आखाताने दोन गोष्टी केल्या. आपल्या मुली शाळेत घातल्या, आणि त्या मोठ्या होईपर्यंत दुसऱ्यांच्या शिकलेल्या मुली पगारावर आणल्या. सुरुवातीच्या शिक्षिकांमध्ये इजिप्त आणि पॅलेस्टाइनमधल्या अनेक जणी होत्या. रुग्णालयांच्या वॉर्डांत केरळच्या आणि फिलिपाइन्सच्या परिचारिका आल्या. ज्या केरळला काल्डवेल यांनी गरिबीतल्या यशाचा नमुना म्हटलं, त्याच केरळच्या शाळांतून निघालेल्या मुली श्रीमंत देशांतली बाळं सांभाळू लागल्या. तेलाच्या पैशाने स्त्रीशिक्षण आधी विकत घेतलं आणि मग घरात रुजवलं. बालमृत्यूच्या आलेखांत हा व्यवहार दिसत नाही.

आकड्यांचं वजन मोठं आहे. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या १७५ देशांच्या अभ्यासानुसार १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालील जे ८२ लाख मृत्यू टळले, त्यांतले ४२ लाख स्त्रियांच्या वाढत्या शिक्षणामुळे टळले. स्मिथ आणि हदाद यांनी ६३ देशांच्या पंचवीस वर्षांच्या माहितीवरून मांडलं की कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण जेवढं घटलं, त्यातला ४३ टक्के वाटा स्त्रीशिक्षणाचा. अशा मोठ्या आकड्यांपुढे मी जरा सावधच असतो. सोनाल्डे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी १९९८ मध्ये २२ देशांची सर्वेक्षणं तपासून दाखवलं, की वस्तीतलं पाणी, शौचालय, नवऱ्याचं शिक्षण हे हिशेबात घेतलं की आईच्या शाळेचा प्रभाव बराच पातळ होतो. शिकलेली बाई बहुधा नळ असलेल्या गल्लीत राहते, आणि श्रेय नळाचं की तिचं हे ठरवणं सोपं नाही. लसीकरणाच्या बाबतीत मात्र तिचा वाटा टिकून राहिला.

अरब जगातला सर्वांत उपयोगी अभ्यास मोरोक्कोचा. पॉल ग्लेवे यांना १९९९ मध्ये दिसलं, की मुलाच्या प्रकृतीवर थेट परिणाम करतं ते आईचं आरोग्यविषयक ज्ञान. आणि ते ज्ञान तिथल्या शाळेत शिकवलंच जात नव्हतं! शाळेने दिलं वाचता येणं आणि हिशेब करता येणं. बाकीचं त्या बायकांनी पुढे स्वतः मिळवलं.

आता आजच्या कतारकडे या. बालमृत्यूची लढाई जवळपास जिंकलेली, आया पदवीधर, रुग्णालयं अद्ययावत. तरीही २०१२ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी फक्त २९ टक्के निव्वळ आईच्या दुधावर होती. शाळकरी मुलांत दर दहांपैकी सुमारे चारांचं वजन जास्त. बारा महिने ऊन असलेल्या देशात मुलांना ड जीवनसत्त्वाची कमतरता, कारण ऊन इतकं की कोणी त्यात जातच नाही. आणखी एक आकडा स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते सहसा सांगत नाहीत. बेनेर आणि हुसैन यांच्या २००६ च्या अभ्यासात नात्यातल्या लग्नांचं प्रमाण ५४ टक्के निघालं. आधीच्या पिढीत ते ४१.८ टक्के होतं. मुली शिकल्या तरी चुलत-आते-मामे भावंडांची लग्नं वाढली. त्यातून येणाऱ्या आनुवंशिक विकारांवर उपाय केला तो सरकारने. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या मदतीने २००३ पासून नवजात बाळांची रक्ततपासणी सुरू झाली आणि २००९ मध्ये लग्नाआधीची तपासणी सक्तीची झाली. होमोसिस्टिन्युरिया हा विकार जगात सर्वाधिक प्रमाणात कतारमध्ये आढळतो. जन्मानंतर लगेच कळला तर आहार आणि औषधांनी तो आवरता येतो.

आईच्या दुधाच्या त्या २९ टक्क्यांचं एक कारण कायद्यात आहे. २००४ च्या श्रम कायद्याने खासगी नोकरीतल्या बाईला पगारी बाळंतपणाची रजा दिली ती ५० दिवसांची, आणि पुढे वर्षभर रोज एक तास दूध पाजण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्या म्हणते. ते आईला ठाऊक आहे, बहुधा डॉक्टरपेक्षाही पाठ आहे. पण एक्कावन्नाव्या दिवशी ती कचेरीत असते आणि बाळ फिलिपाइन्स, इंडोनेशिया किंवा श्रीलंकेतून आलेल्या बाईच्या हाती. मग बाळाला काय भरवायचं हे कोणाच्या शिक्षणाने ठरतं? या बायकांपैकी कित्येकींची स्वतःची मुलं आजीकडे गावी असतात. ‘आईचं शिक्षण’ मोजणारी प्रश्नावली त्यांना विचारत नाही.

दोह्यातल्या मराठी घरांत चित्र उलटं दिसतं. अभियांत्रिकी किंवा वाणिज्यची पदवी घेतलेली बाई नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरी नाही, वेळ भरपूर. तिला दूध पाजायला सवड आहे, अळीव पाठवणारी आई फोनवर आहे. फक्त एप्रिलनंतर बाळाला बाहेर न्यायची सोय नाही.

कतारने शिक्षणावर देशाबाहेरही पैसा लावला आहे. राजघराण्यातल्या शेखा मोझा यांनी २०१२ मध्ये ‘एज्युकेट अ चाइल्ड’ हा उपक्रम सुरू केला, शाळेबाहेरच्या मुलांसाठी. दोह्याचा ‘वाइज’ शिक्षण पुरस्कार २०२३ मध्ये सफीना हुसेन यांना मिळाला. मुंबईत कार्यालय असलेली त्यांची ‘एज्युकेट गर्ल्स’ ही संस्था २००७ पासून राजस्थानच्या पालीसारख्या जिल्ह्यांत शाळा सुटलेल्या मुलींना परत वर्गात आणते.

आणि भिडेवाड्याची आघाडी? २०१९–२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्या स्त्रिया ५० टक्के होत्या आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी. पुण्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुरू झालेली शाळा धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर पोचेपर्यंत बराच काळ गेला, आणि मुलगी अठराची झाली न झाली तोच लग्न लावून द्यायची घाई अजून गेलेली नाही.

आईची शाळा आणि परदेशातला पैसा यांची खरी तुलना मात्र कतारमध्ये राबणाऱ्यांच्या गावी करावी लागेल. बिहारमधल्या सिवान आणि गोपालगंजचे पुरुष आखातात जातात, तसे केरळातल्या मलप्पुरमचेही. मनिऑर्डरचा जमाना गेला, आता पैसे मोबाइलवर पोचतात. त्याच २०१९–२१ च्या सर्वेक्षणात दहावी किंवा पुढे शिकलेल्या स्त्रिया बिहारमध्ये २९ टक्के आहेत, केरळमध्ये ७७ टक्के. खुजी मुलं बिहारमध्ये ४३ टक्के, केरळमध्ये २३. देसाई-अल्वांची आठवण ठेवून म्हणायला हवं, की केरळात प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असतो, मलयाळी कामगाराला बहुधा पगारही जास्त मिळतो, आणि हे अंतर एकट्या आईच्या खात्यावर टाकता येणार नाही. तरीही सिवानमध्ये पैसा आला की तो आधी घराच्या स्लॅबवर आणि नणंदेच्या लग्नावर जातो. त्याबद्दल नवरा दोह्याहून सासऱ्यांशी बोलतो आणि सून आत स्वयंपाकघरात असते. तिच्या मुलाची उंची बिहारच्या सर्वेक्षणात मोजली जाते. कतारच्या हजारी पाच-सहामध्ये त्याची नोंद नाही.