लेखन-मार्गदर्शक आणि विद्यार्थी : सौजन्यपूर्ण मर्यादांचे स्वरूप

प्रस्तावना :
निबंध, प्रकल्प-अहवाल अथवा लघुप्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास व्यक्तिशः साहाय्य करणाऱ्यास लेखन-मार्गदर्शक म्हणता येईल. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत यासाठी स्वतंत्र लेखन-केंद्रे आहेत. आपल्याकडे हे काम बहुधा भाषेचे प्राध्यापक तासिकेनंतर करतात. "सर, एवढं दुरुस्त करून द्या," ही विनंती त्यांच्या नित्य परिचयाची असते. ती जशीच्या तशी मान्य केल्यास लेखन सुधारते, पण विद्यार्थी आहे तेथेच राहतो. ती तुटकपणे नाकारल्यास तो पुन्हा येत नाही. या दोन टोकांमधील मार्गाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :
स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये 'कॉलेज इंग्लिश' या नियतकालिकातील लेखात लेखन-केंद्र म्हणजे सदोष लेखन दुरुस्त करून देणारे दुकान नव्हे, अशी भूमिका मांडली. केंद्राचे लक्ष्य लेखन नसून लेखक घडविणे हे असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जेफ ब्रुक्स यांनी १९९१ मध्ये हे तत्त्व व्यवहारात आणण्याचे उपाय सांगितले. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या शेजारी बसावे, कागद विद्यार्थ्यापुढे ठेवावा, स्वतःच्या हाती पेन्सिल घेऊ नये आणि लेखन त्यालाच मोठ्याने वाचावयास सांगावे. येथे मर्यादा शब्दांआधी बैठकीच्या मांडणीतूनच व्यक्त होते.

मर्यादांची क्षेत्रे :
पहिली मर्यादा कर्तृत्वाची होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंध सादर करताना तो आपणच तयार केला असून आपले मूळ कार्य आहे, असे हमीपत्र विद्यार्थ्यास द्यावे लागते. मार्गदर्शकाने परिच्छेद लिहून दिल्यास ते हमीपत्रच खोटे ठरते. दुसरी मर्यादा वेळेची. भेटीचा अवधी आणि मसुदा देण्याची अंतिम वेळ आरंभीच सांगितल्यास आदल्या रात्री येणारे दूरध्वनी टाळता येतात. तिसरी मर्यादा मूल्यमापनाची. किती गुण मिळतील याचे भाकीत, अथवा विषय-शिक्षकाच्या निर्णयावर टीका, मार्गदर्शकाने करू नये. चौथी मर्यादा व्यक्तिगत प्रश्नांची. ते सहानुभूतीने ऐकावेत. मात्र गंभीर प्रसंगी समुपदेशकाकडे जाण्याचा सल्ला द्यावा.

नकाराची भाषा :
नकारासोबत पर्याय दिल्यास तो अपमानकारक वाटत नाही. "मी लिहून देणार नाही," एवढेच म्हणून थांबण्याऐवजी, "हे वाक्य तुम्हीच लिहायचे आहे, पण नेमके काय म्हणायचे आहे, ते आधी मला बोलून दाखवा," असे म्हणता येते. सर्व चुका सुधारून मागणाऱ्यास, "या पानावरील दोन चुका आपण मिळून पाहू, तशाच उरलेल्या तुम्ही शोधा," असे सुचविता येते. या दोन्ही उत्तरांत दार बंद होत नाही. केवळ कामाची वाटणी स्पष्ट होते. मर्यादा सर्वांना सारखी असावी. एका विद्यार्थ्यास दिलेली सवलत दुसऱ्यास अन्याय वाटते.

मर्यादेचीही मर्यादा :
या तत्त्वाचा अतिरेकही घातक ठरतो. लिंडा शमून आणि डेबोरा बर्न्स यांनी १९९५ मध्ये केवळ प्रश्न विचारीत राहण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. संगीताच्या शिक्षणात गुरू प्रत्यक्ष करून दाखवितो, तसे लेखनातही आवश्यक असते, असा त्यांचा मुद्दा होता. महाराष्ट्रात तो विशेष लागू पडतो. घरी बोलीभाषा बोलणाऱ्या, शिक्षण घेणाऱ्या पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यास प्रमाणलेखनाचे आणि संदर्भ देण्याचे संकेत कोणी सांगितलेलेच नसतात. "तुम्हीच विचार करा," हे उत्तर त्याला मदत नाकारल्यासारखेच वाटते. म्हणून संकेत स्पष्टपणे सांगावेत, एखादा नमुना वेगळ्या विषयावर लिहून दाखवावा. युक्तिवाद आणि निष्कर्ष मात्र विद्यार्थ्याचेच राहू द्यावेत. नियम शिकविणे हे साहाय्य होय, मत पुरविणे हे अतिक्रमण होय.

समारोप :
सारांश, मर्यादा हा साहाय्याचा अभाव नसून त्याची शिस्त आहे. ती आधी सांगितलेली, सर्वांना समान आणि पर्यायासह मांडलेली असेल तर विद्यार्थ्याचा विश्वास टिकतो. पुढच्या मसुद्यात पूर्वीची चूक विद्यार्थ्याने मार्गदर्शकाकडे येण्यापूर्वी स्वतःच ओळखली, तर ती मर्यादा योग्य ठिकाणी आखली गेली होती, असे समजावयास हरकत नाही.