रेकॉर्ड होताना काय गळते?

व्हिडिओ एडिटिंगचे वर्ग आता लहान शहरांतही चालतात. त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात एखादे सॉफ्टवेअर उघडून, कोणते बटण काय करते हे दाखवून होते. ही सुरुवातच उलटी आहे, असे माझे ठाम मत आहे. कॅमेरा आणि माईक समोरचे दृश्य किंवा आवाज जसाच्या तसा साठवत नाहीत. त्यातले मोजके घेतात, बाकीचे सोडून देतात. काय घेतले, काय सोडले आणि सोडलेले परत मिळण्याजोगे आहे का, हे ज्याला कळते त्याच्या हाती कोणतेही सॉफ्टवेअर चालते. ज्याला कळत नाही, त्याला प्रत्येक नव्या ॲपसाठी पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

आवाजाचा हिशोब सर्वांत स्वच्छ, म्हणून तो आधी घेऊ. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला सततचा चढउतार. यंत्र तो ठरावीक अंतराने मोजते. किती वेळा मोजावे, याचे उत्तर हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९च्या लेखनातून मिळाले: जितकी जलद कंपने नोंदवायची, त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणून १९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नोंदी ठरल्या. ४०,०००च्या वर थोडी मोकळीक हवी होती हे खरे, पण नेमका हाच आकडा का? तेव्हा डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड (म्हणजे अर्ध्या फ्रेम), प्रत्येक फील्डमध्ये कामी येणाऱ्या २९४ ओळी आणि ओळीमागे तीन नोंदी, यांचा गुणाकार ४४,१०० येतो. अमेरिकेच्या ६० फील्ड आणि २४५ ओळींचाही तोच येतो. टेप गेली, आकडा मात्र अजून आपल्या फाइलींत मुक्कामाला आहे.

प्रत्येक नोंदीला पातळीही द्यावी लागते. १६ बिटांत अशा ६५,५३६ पातळ्या बसतात. बोलणारा माईकला फार जवळ गेला आणि गेन, म्हणजे आलेला आवाज किती वाढवून नोंदवायचा ते प्रमाण, चढाच राहिला, की लहरीचा माथा सर्वांत वरच्या पातळीला टेकतो आणि तिथेच सपाट कापला जातो. आपण म्हणतो, आवाज फाटला. एडिटिंगमध्ये तो कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. कारण कापलेला माथा फाइलमध्ये नाहीच. उलट जरा दबका नोंदवलेला आवाज नंतर वाढवता येतो, सोबत थोडी खरखर वाढते इतकेच. 'वर जागा सोडा' हा नियम पाठ करणे सोपे आहे. पण त्यामागचे कारण कळलेला विद्यार्थी तोच विचार आपणहून कॅमेऱ्यालाही लावतो: पांढरेफटक जळालेले आकाश परत येत नाही, अंधारलेली सावली पुष्कळदा उजळता येते.

चित्रात गळती कितीतरी मोठी. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला तीन बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर तासाभराचे चित्रण सुमारे ५६० गिगाबाइट होते. फोनमध्ये तेच साधारण सात-आठ गिगाबाइटमध्ये मावते. डोळा उजेडातला फरक जितका टिपतो तितका रंगातला टिपत नाही, म्हणून चार पिक्सेलांत मिळून रंगाची एकच नोंद ठेवली जाते. त्यापुढची मोठी काटछाट ज्या गणिताने होते, ते बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४मध्ये प्रसिद्ध केले. कल्पना फारच सोपी वाटल्याने अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने त्यासाठी अनुदान नाकारले होते, असे अहमद यांनीच नंतर लिहिले आहे. त्यावर उभ्या राहिलेल्या जेपेगमध्ये चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून डोळ्याला न जाणवणारे बारीक चढउतार पुसले जातात. व्हिडिओत शेजारच्या फ्रेममधले साम्यही उपयोगी पडते. म्हणूनच स्थिर बसलेला वक्ता थोडक्या डेटात नीट दिसतो आणि गुलाल उधळलेली मिरवणूक चौकोनाचौकोनांनी फुटते. तिथे आधीच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाजच बांधता येत नाही. फाइलची नक्कल हुबेहूब निघते हे खरे, पण ती पुन्हा लहान करून चढवली की नव्याने कात्री लागते.

हे सगळे यंत्र आपोआप सांभाळते, मग शिकायचे कशाला, हा आक्षेप गैरवाजवी नाही. पण आपोआप म्हणजे कारखान्यात कोणीतरी आधी ठरवलेले. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते. शटर १/५० ठेवले तर प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन उजाळे मिळतात. अमेरिकेच्या ६० हर्ट्झला सोयीचे १/६० ठेवले, तर कुठे जास्त, कुठे कमी उजेड पडून चित्रात पट्टे सरकू लागतात. कारण माहीत असलेला शटर बदलतो. माहीत नसलेला कॅमेरा बिघडला म्हणतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता गमावलेले तपशील परत आणते, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ती आणत नाही, रचते: लाखो चित्रांवरून इथे काय असावे याचा अंदाज भरते. लग्नाच्या व्हिडिओत ते चालेल. बातमीत किंवा पुराव्यात धूसर नंबरप्लेटवर असा अंदाज भरणे म्हणजे एखाद्या निरपराध्याला गोवणे ठरू शकते. हा फरक पुढच्या काळात माध्यमकर्मीला रोज करावा लागणार आहे.

कलावंताला हे गणित कशाला, असे विचारणाऱ्यांना दादासाहेब फाळके आठवावेत. १९१२मध्ये लंडनला जाऊन ते चित्रपटाचे तंत्र शिकले, कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडणारे यंत्र मागवले, आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा मिनिटभराचा चित्रपट केला. हालचाल सुट्या फ्रेमची बनते आणि दोन फ्रेममधले अंतर आपल्या हाती असते, हे पक्के उमगल्याशिवाय तो झाला नसता. म्हणून पहिला आठवडा सॉफ्टवेअर बंदच असावे. एकच वाक्य तीन वेगळ्या गेनवर नोंदवायचे, एकच ट्यूबलाइट तीन शटरवर टिपायची, एकच फोटो दर वेळी लहान करत दहादा सेव्ह करायचा आणि काय गेले ते वहीत लिहायचे. याला साधा फोन पुरतो. शाळेच्या प्रयोगवहीतही हे सहज बसेल.